बांधलेला भाव

वस्तु महाग झाली कीं सरकारनें तिचा भाव बांधून द्यावा, अशी मागणी आपल्या तोंडून सहज बाहेर पडते. तिच्यामागील हेतु चांगला असतो; परंतु बांधलेला भाव प्रत्येक वेळीं ग्राहकाच्या हिताचा ठरतोच, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याचे पैसे दरमहा आपल्या घरांतून जातात, त्या दूरचित्रवाणीचेंच उदाहरण घेऊं.

केबल व डिश यांच्या दरांविषयीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें केलेली नवी व्यवस्था १ फेब्रुवारी २०१९ पासून अंमलांत आली. ज्या वाहिन्या पाहावयाच्या त्यांचेच पैसे द्यावे, हें तिचें तत्त्व उत्तम होतें. पॅकेजमध्यें घालावयाच्या वाहिनीची किंमत १९ रुपयांहून अधिक नसावी, असा नियम झाला. लागलीच अनेक लोकप्रिय वाहिन्यांनीं आपली किंमत नेमकी १९ रुपयेच लाविली. जी कमाल मर्यादा म्हणून आंखली, तीच चालू किंमत होऊन बसली! २०२० सालीं ही मर्यादा १२ रुपयांवर आणण्याचें ठरलें. तेव्हां कंपन्या न्यायालयांत गेल्या, आणि पुढें कांहींनीं लोकप्रिय वाहिन्या पॅकेजांतून काढून त्यांची सुटी किंमत वाढविण्याचें जाहीर केलें. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्यें मर्यादा पुन्हां १९ रुपये झाली.

आतां मोबाईलच्या इंटरनेटकडे पाहा. तेथें दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांनाच आहे. २०१६ सालीं जिओ ही नवी कंपनी बाजारांत उतरली आणि डेटाचे दर झपाट्यानें उतरले. ते फर्मानानें नव्हे, चढाओढीनें. पुढें कंपन्या थोड्याच उरल्या, आणि २०१९, २०२१ व २०२४ सालीं दर चढले.

सरकारनें स्वस्थ बसावें, असें आमचें म्हणणें नाहीं. जेथें विकणारा एकच, तेथें गरिबाला सरकारावांचून वाली नाहीं. परंतु सरकारचें मुख्य काम भाव लिहून देण्याचें नसून, विक्रेते अनेक राहतील, बिल स्पष्ट असेल आणि एकास सोडून दुसऱ्याकडे जाणें ग्राहकास सुलभ होईल, हें पाहण्याचें आहे.

आणि आपलेंही कांहीं काम आहेच. विद्यार्थिबंधुभगिनींनीं आज घरीं गेल्यावर आईवडिलांसह दूरचित्रवाणीचें बिल वाचावें, व महिनाभरांत एकदांही न पाहिलेल्या सशुल्क वाहिन्या बंद कराव्या. त्यासाठीं कोणत्याही नव्या नियमाची वाट पाहावी लागत नाहीं.