सायंचिंतन : एका तारखेचें गाणें

गेल्या महिन्यांत एके सायंकाळीं, देवापुढें नुकताच दिवा लागला असतां, आमच्या नातीनें माजघरांत एक इंग्रजी गाणें लावलें. दोन गिटारी, दोन गळे. बाकी कांहीं नाहीं. चाल इतकी संथ व उदास कीं, वहिनी जपाची माळ थांबवून म्हणाल्या, "अगं, दिवेलागणीला हें कसलें मर्तिकाचें गाणें?" पोरीनें तें मुकाट्यानें बंद केलें. रात्रीं मात्र आम्हीं तिच्याजवळ बसून तो सबंध गीतसंग्रह ऐकला. त्याविषयीं चार शब्द लिहितों. कारण वहिनींचा प्रश्न पुष्कळ घरांतला आहे.

संग्रहाचें नांव 'टाइम (द रेव्हलेटर)'. प्रसिद्धीचें साल २००१. गायिका गिलियन वेल्च, साथीस डेव्हिड रॉलिंग्ज. अमेरिकेंतील खेडवळ वळणाच्या गाण्यांस 'कंट्री' म्हणतात. त्यांस बाजारी थाट चढला, तेव्हां जे गायक त्यापासून फटकून जुन्या साधेपणाकडे व गडद आशयाकडे वळले, त्यांच्या पंथास 'ऑल्टरनेटिव्ह कंट्री' ही संज्ञा मिळाली. या बाई न्यूयॉर्क येथें जन्मल्या व लॉस एंजल्समध्यें वाढल्या. शहरी बाईनें खेडुतांचें दुःख कां गावें, असा आक्षेपहि निघाला. आम्हांस तो पटत नाहीं. परदुःख आपलेंसें करतां येतें म्हणूनच काव्य संभवतें.

संग्रहांतील दहा गाण्यांपैकीं पांचवें व आठवें एकाच तारखेवर रचलेलें आहे. ती तारीख १४ एप्रिल. आपल्याकडे ती डॉ. आंबेडकरांच्या जयंतीची म्हणून सर्वांस परिचित आहे. अमेरिकेच्या इतिहासांत मात्र तिच्यावर तीन उत्पात ओढवले. १८६५ सालीं त्या दिवशीं वॉशिंग्टनच्या नाट्यगृहांत लिंकनवर गोळी झाडली गेली. १९१२ सालीं त्या रात्रीं 'टायटॅनिक' हिमनगावर आदळली. १९३५ सालीं ओक्लाहोमा व टेक्साससकडील पठारावर त्याच दिवशीं असें धुळीचें वादळ उठलें कीं, भर दिवसां काळोख पडला. गवताळ माळ नांगरून गव्हाखालीं आणले होते. त्यावर अवर्षण आलें, आणि सुटी झालेली माती वाऱ्याबरोबर उडाली. त्या दशकांत असंख्य कुटुंबें घरदार टाकून पश्चिमेकडे निघून गेलीं.

या उत्पातांच्या शेजारीं ही गायिका काय ठेवते? दोन डॉलर तिकिटाचा एक फाटका जलसा, आणि त्यांत गाणारीं, कोणीं दखल न घेतलेलीं, आजारी चेहऱ्याचीं पोरें! राष्ट्राचा शोक व त्या पोरांची उपेक्षा तिनें एकाच सुरांत ओंवली आहे. ती बोध सांगत नाहीं, आवाजहि चढवीत नाहीं. आम्हीं तीस वर्षें मुलांकडून सनावळ्या घोकून घेतल्या. परंतु सनाच्या पोटांत हुंदका असतो, हें आम्हांस एकदांहि शिकवितां आलें नाहीं.

शोक दुःखद असतां करुणरस प्रिय कां वाटावा, हा आपल्या साहित्यशास्त्रांतला जुना प्रश्न. काव्यांत दुःखाचें साधारणीकरण होतें, तें एकट्याचें राहत नाहीं, असें त्याचें एक उत्तर आहे. या गाण्यांनीं तें आम्हांस नव्यानें पटविलें. प्रत्येक जुन्या घरांत एखादी अशी तिथी असतेच. आमच्या थोरल्या बंधूंचें श्राद्ध ज्या तिथीस येतें, त्याच तिथीस पुढें त्यांच्या या नातीचा जन्म झाला. त्या दिवशीं दुपारीं श्राद्धाचें पान व सायंकाळीं औक्षण, असा आमचा क्रम आहे; पण त्याविषयीं आजवर कोणीं अवाक्षर काढलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं वहिनींस त्या तारखेची हकीकत मराठींत सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दिवेलागणीला नको, भावोजी, पण रात्रीं जेवणें आटोपलीं कीं लावायला सांगा तिला."

त्या रात्रीं संग्रहांतलें शेवटचें, जवळजवळ पंधरा मिनिटांचें गाणें संपल्यावर नातीनें विचारलें, "आजी, आजोबा कसे होते गं?" आणि वहिनी सांगूं लागल्या.