आठ टँकर हवा आणि एक गाळणी

पुण्याहून मुंबईला जायला छोट्या पेट्रोल कारला आठ-नऊ लिटर पेट्रोल लागते, हे मालकाला तोंडपाठ असते. ती हवा किती ओढते, हे कुणी विचारत नाही. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. म्हणजे शिवाजीनगरहून निघालेली गाडी दादरला पोहोचेपर्यंत दहा हजार लिटरचे सात-आठ टँकर भरतील एवढी हवा इंजिनाच्या पोटात गेलेली असते. त्या हवेत रस्त्याच्या कामांची धूळ असते, टायरची भुकटी असते, पुढच्या डंपरमधून उडणारी कचही असते. या सगळ्यासमोर उभा असतो शाळेच्या पाटीएवढा, चुण्या घातलेला कागद.

हा काही शे रुपयांचा कागद काढून त्याजागी तेल लावलेला, धुता येणारा सुती फिल्टर बसवावा, असा सल्ला हल्ली गाडीवेड्या मित्रमंडळींत सर्रास मिळतो. एकदाच चार-पाच हजार घाला, जन्मभर धुऊन वापरा आणि वर पिकअपही वाढेल, असा त्याचा मथितार्थ. रोज ऑफिसला आणि सुटीत गावी जाणाऱ्या गाडीसाठी हा सौदा तोट्याचा आहे.

तेलाने धूळ पकडण्याची युक्ती मुळात जुनीच. जुन्या जीपमध्ये ‘ऑइल बाथ’ असे. शेतातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांत तो आजही दिसतो. आत आलेली हवा तेलाच्या वाटीवर आपटून उलटी वळते, जड धूळ तेलात अडकते आणि वाटीच्या तळाशी काळा चिखल साचतो. सुती फिल्टरची कीर्ती पसरली ती मोटरसायकल शर्यतींमुळे. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड यांनी विरळ सुती कापडाचे थर जाळीत बसवून त्यांना तेल लावले. ‘के अँड एन’ हे नाव या दोघांच्या आद्याक्षरांचे. कापड विरळ असल्याने हवा सहज जाते आणि धूळ चिकट धाग्यांना लागून राहते. शर्यतीत इंजिन पूर्ण ताकदीने श्वास घेत असते, तिथे ही रचना शोभते.

कर्वे रोडवर मात्र पेट्रोल इंजिनाचा श्वास फिल्टर अडवत नाही, चालकाचा पाय अडवतो. ॲक्सिलरेटर थोडाच दाबलेला असतो, त्यामुळे हवेच्या वाटेवरची थ्रॉटलची झडप बहुतेक वेळ अर्धी मिटलेली असते. पुढे दार अर्धे बंद असताना मागची गाळणी मोकळी करून किती फरक पडणार? अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये आधुनिक इंधन-इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या मुद्दाम तुंबवलेल्या फिल्टरवर चालवून पाहिल्या. वेग पकडण्यात ६ ते ११ टक्क्यांचा फरक पडला, ॲव्हरेज मात्र जवळपास तेवढेच राहिले. तुंबलेल्या फिल्टरची ही गत, तर नव्या कागदाऐवजी नवे कापड लावून ॲव्हरेज वाढण्याची आशा कशाला?

खरा हिशेब धुळीचा आहे आणि दाट कागद सहसा विरळ कापडाहून जास्त धूळ अडवतो. समजा, एका फिल्टरने ९९ टक्के धूळ अडवली आणि दुसऱ्याने ९७ टक्के. ऐकायला फरक दोन टक्क्यांचा. पण शंभर ग्रॅम धुळीतून पहिला एक ग्रॅम आत सोडतो आणि दुसरा तीन, म्हणजे तिप्पट! ती धूळ पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या भिंतीत सापडली की पॉलिश पेपरसारखी घासत राहते. कागदाचा आणखी एक गुण असा की थोडी धूळ बसल्यावर तो नव्याहून बारीक गाळतो.

शिवाय तेल किती लावायचे, हा प्रश्न उरतोच. कमी पडले तर धूळ निसटते. जास्त झाले तर त्याचा अंश हवेबरोबर पुढे जाऊन मास एअर फ्लो सेन्सरच्या तापलेल्या, केसासारख्या बारीक तारेवर बसू शकतो. तार माखली की हवेचे मोजमाप चुकते आणि त्यावरून ठरणारे इंधनही. सगळ्याच गाड्यांत हा सेन्सर नसतो, पण आपल्या गाडीत आहे का, हे किती जणांना ठाऊक असते? धुतलेला फिल्टर सावकाश वाळवावा लागतो, त्यावर गरम हवा किंवा कॉम्प्रेसर चालत नाही. आषाढात रत्नागिरीत टॉवेल दोन दिवस ओला राहतो. तोवर गाडी दारात उभी ठेवायची का?

पैशांचेही गणित बसत नाही. चारशेचा कागदी फिल्टर दर तीस हजार किलोमीटरला बदलला, तर चार हजारांचा सुती फिल्टर वसूल व्हायला गाडी तीन लाख किलोमीटर पळावी लागेल. धुण्याच्या किटचा खर्च वेगळाच. कचरा कमी होतो, हा त्याच्या बाजूचा मुद्दा खरा आहे. ट्रॅकवर उतरणाऱ्याने, किंवा रविवारची सकाळ फिल्टर धुण्यात आनंदाने घालवणाऱ्याने तो जरूर घ्यावा.

बाकीच्यांनी कागदाकडेच नीट लक्ष द्यावे, कारण त्याचे खरे हाल गॅरेजात होतात. “बदलायची गरज नाही साहेब, हवा मारून देतो,” असे म्हणत मेस्त्री कॉम्प्रेसरची नळी थेट चुणीला लावतो. जोराच्या झोताने कागद फाटतो आणि भोक डोळ्यांना दिसतही नाही. पुस्तिकेने परवानगी दिली असेल, तरच दुरून, हलक्या दाबाने, आतल्या बाजूने बाहेर हवा मारायची असते. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरमधला कागद तर कारखान्यातच तेलात भिजवलेला असतो, तो साफ करायचाच नसतो. तरी त्यालाही तीच नळी दाखवली जाते.

पुढच्या सर्व्हिसिंगला मालकाने बॉनेटपाशी पाच मिनिटे उभे राहावे. फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा उघडल्या की इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आत पांढरे फडके फिरवून घ्यावे. फडके मळले, तर फिल्टर फाटला आहे किंवा त्याची रबरी कड नीट बसलेली नाही. नवा फिल्टर तेव्हाच मागावा आणि जुना आपल्यासमोर टाकून द्यायला लावावा.