दोंडाईच्याचा शल्यविशारद आणि विश्वकोश

शल्यविशारदास विश्वकोशात स्थान कोणत्या निकषावर द्यावे? पदे व पुरस्कारच मोजावयाचे, तर मुंबई-पुण्याची नावे भरतील आणि जळगाव-धुळ्याची पाने कोरी राहतील. (मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पिंपळनेरचे, पण त्या नात्याने नोंद मागता येत नाही.) दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरले. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये शल्यचिकित्सेच्या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युगांडातील ३०२ पुरुषांवरील चाचणीत दोन्ही जाळ्यांचे वर्षभरानंतरचे फलित जवळजवळ सारखेच आढळले. परक्यांनी पारखलेले असे कार्य नोंदीस पुरेसे आहे. मात्र २००३ चा तो प्रयोग अनेक केंद्रांवरचा होता. नोंदीत सहकारी शल्यविशारदांचाही उल्लेख हवा.