मुंबई-कराची : अंतर दीड तासाचे, वाट दुबईची

मुंबई आणि कराची ही अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरील दोन मोठी बंदरे. त्यांच्यातील हवाई अंतर सुमारे 880 किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्ली अंतरापेक्षाही कमी. जेट विमानाला त्यासाठी साधारण दीड तास पुरतो. परंतु थेट विमानसेवेअभावी प्रवाशाला बहुधा दुबईमार्गे जावे लागते. हा वळसा 3,100 किलोमीटरांच्या आसपास, सरळ अंतराच्या साडेतीन पट आहे. दोन उड्डाणांचेच पाच तास होतात. दुबईत दोन तास थांबावे लागले तर प्रवास सात तासांवर जातो.

योगायोग असा की, 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन 'पस मॉथ' या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले, तेव्हाही सुमारे सात तासच लागले होते. भारतीय नागरी विमान वाहतुकीचा पाया घालणारा हा मार्ग त्या वेळी एकाच मुंबई इलाख्यातला होता. सिंध प्रांत 1936 मध्ये वेगळा झाला आणि 1947 मध्ये मधे आंतरराष्ट्रीय सीमा आली.

प्रत्येक राष्ट्राचे आपल्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व असते, हे 1944 च्या शिकागो कराराने मान्य केले आहे. भारत-पाकिस्तान संबंधांत या अधिकाराचा वापर वारंवार झाला. 1971 मध्ये खंडित झालेली हवाई वाहतूक 1976 मध्ये पूर्ववत झाली. संसदेवरील हल्ल्यानंतर जानेवारी 2002 पासून ती दोन वर्षे बंद राहिली. बालाकोटनंतर, फेब्रुवारी ते जुलै 2019 या काळात पाकिस्तानने आपले बहुतांश हवाई मार्ग बंद ठेवले. पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना पुन्हा मज्जाव केला. अशा बंदीची किंमत मोठी असते. 2019 च्या बंदीत 2 जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला 491 कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले होते.

तथापि, मुंबई-कराची प्रवासाचे दुखणे केवळ हवाई बंदीत नाही. पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सची या मार्गावरील सेवा 2010 च्या दशकातच थांबली होती. जुलै 2019 मध्ये आकाश खुले झाले, तरी ती सुरू झाली नाही. विमानाला मार्गाइतकीच प्रवाशांची गरज असते आणि प्रवाशाला व्हिसाची. कराचीतील भारतीय वकिलात 1994 च्या अखेरीस बंद झाली, मुंबईतही पाकिस्तानची वकिलात उरली नाही. साहजिकच, सारा कारभार इस्लामाबाद आणि दिल्लीकडे गेला. व्हिसा दुर्मिळ झाले, प्रवासी घटले आणि विमान कंपनीला मार्ग परवडेनासा झाला.

याची झळ बसते ती फाळणीने विभागलेल्या कुटुंबांना आणि उपचारांसाठी भारतात येऊ पाहणाऱ्या रुग्णांना. सुरक्षेची चिंता खरी आहे आणि कोणतेही सरकार ती बाजूला सारू शकत नाही. पण हवाई बंदी उठवणारा एखादा आदेश निघाला म्हणजे ही शहरे जवळ येतील, हा समज 2019 च्या अनुभवाने खोटा ठरवला आहे. आकाश एका दिवसात खुले करता येते. व्हिसाची व्यवस्था आणि प्रवाशांचा विश्वास उभा राहण्यास मात्र वर्षे लागतात. ते घडेपर्यंत दीड तासाच्या अंतरासाठी दुबईचीच वाट धरावी लागेल.