मीठ जास्त झालंय, आई!

मागच्या महिन्यात दोन दिवस सुट्टी टाकून नागपूरला घरी गेलो होतो. सकाळी स्वयंपाकघरात शिरलो तर गॅसचा भपकारा! दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण चालूच. आणि दोन फुटांवर आई निवांत तांदूळ निवडत बसलेली. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, "लाईटला हात लावू नका" म्हणून बाबांना ओरडलो. आई म्हणते, "काहून ओरडतो बाप्पा? मला तर काही वास नाही आला."

एलपीजीला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टन मिसळतात. म्हणजे सगळी सुरक्षा एकाच सेन्सरवर, आपल्या नाकावर. आणि आईचं नाक आता ७१ वर्षांचं!

मग एकेक आठवायला लागलं. दोन वर्षांपासून वरण खारट होतंय म्हणून आम्ही बापलेक तिची टिंगल करतोय. गोळाभातावरच्या फोडणीत हिंग दुप्पट. "आताच्या संत्र्यात पूर्वीची मजा नाही" हे तर पेटंट वाक्य. आम्हाला वाटायचं, झालं, जुनं ते सोनं! संत्रं तेच होतं हो...

जिभेला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. संत्र्याचं संत्रेपण कळतं ते घशामागून नाकात चढणाऱ्या वासामुळे. सर्दीत जेवण बेचव लागतं ते म्हणूनच. वय वाढलं की वास टिपणाऱ्या पेशी पूर्वीसारख्या भराभर नव्या होत नाहीत. रिचर्ड डोटी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १,९५५ लोकांचं नाक तपासलं (१९८४). ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून जास्त लोकांची वासाची जाण बरीच कमी झालेली निघाली, ऐंशीपुढे तीन चतुर्थांशाहून जास्त.

कोविडमध्ये वास गेला की घर हादरायचं. जून २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयाने ते लक्षणांच्या यादीतही घातलं. तिथे सर्व्हर एका रात्रीत क्रॅश होत होता. म्हातारपणी तो रोज थोडा थोडा स्लो होतो, एरर मेसेज येतच नाही. ज्याचा वास जातो त्यालाही पत्ता नसतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आपण आईबाबांची शुगर बघतो, बीपी बघतो, मोतीबिंदू काढून आणतो. नाक कोण बघतं? वास गेला की माणूस मीठ-साखर वाढवतो, नाहीतर जेवण कमी करतो. नासलेली भाजीही कळत नाही.

आम्ही आईला डोळे मिटायला लावून हिंग, कॉफी, लवंग आणि संत्र्याची साल हुंगवली. लवंग तेवढी ओळखली. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, कारण कधी नाकातला कोंब, कधी एखादं औषध, तर कधी पार्किन्सन्सची सुरुवातही यामागे असते. आईच्या बाबतीत वयच निघालं. आता गॅस डिटेक्टर ओट्याखाली लावलाय (एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो). फ्रिजमधल्या डब्यांवर तारखा. मीठ मोजून, वर लिंबू. शिवाय जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेला व्यायाम: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, रोज दोनदा, १२ आठवडे. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण खर्च काय?

परवा फोनवर म्हणाली, "लिंबू येतो रे थोडा थोडा." खरंच येतो की माझं मन राखते, देव जाणे.

असो. या रविवारी वरण खारट लागलं तर हसण्याआधी घरी संत्र्याची एक साल हुंगवून बघा.