रसायनशास्त्र : पदवीच्या नावापेक्षा काम पाहा

बारावीनंतर रसायनशास्त्र आवडणाऱ्या मुलांना घरी ठरलेला सल्ला मिळतो : केमिकल इंजिनीअरिंगला नंबर लागला तर उत्तम, नाहीतर बीएस्सी आहेच. या ‘आहेच’मध्ये गफलत आहे. केमिकल इंजिनीअरिंग म्हणजे जास्तीचे रसायनशास्त्र नव्हे. तिथे उष्णता, दाब, प्रवाह आणि गणित यांच्याशीच अधिक गाठ पडते. चंचुपात्रात साधलेली अभिक्रिया कारखान्यात टनावारी आणि सुरक्षितपणे कशी घडवायची, हा इंजिनीअरचा प्रश्न. नवा रेणू कसा घडवायचा, गोळीतील अशुद्धी कशी मोजायची, हा रसायनशास्त्रज्ञाचा.

संशोधनाची ओढ असेल तर पुण्याच्या आयसरमधील पाच वर्षांचा बीएस-एमएस किंवा नव्या धोरणातील चार वर्षांची ऑनर्स पदवी विचारात घ्यावी. तंत्रज्ञानासाठी मुंबईत १९३३ पासून चालत आलेली आयसीटी, म्हणजे पूर्वीची यूडीसीटी, आहे. पण तिथल्या जागा मोजक्या. बहुतेकांची वाट जवळच्या कॉलेजातूनच जाते, म्हणून प्रवेशावेळी फीबरोबर दोन प्रश्न विचारावेत : आठवड्याला प्रात्यक्षिके प्रत्यक्षात किती तास होतात? एचपीएलसीसारखी उपकरणे विद्यार्थी स्वतः हाताळतात, की ती फक्त दाखवली जातात?

कारण हेच विद्यार्थी उद्या औषध कंपन्यांच्या गुणवत्ता विभागात बसतील. जर्नल उतरवून मिळवलेले गुण तिथे कामाला येत नाहीत. आणि चुकलेल्या चाचणीची किंमत रुग्ण मोजतो.