गाडी खाली करायच्या आधी गाडीखाली बघा

भाच्याने मागच्या महिन्यात सेकंडहँड स्विफ्ट घेतली. 12 वर्षं वापरलेली. कर्ज काढून घेतली, वर हातात राहिले 15 हजार. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे हजर. "मामा, गाडी डाऊन करायची आहे. एक जण दीड राउंड स्प्रिंग कापून देतो म्हणतोय, हजार-दोन हजारांत काम. उरलेल्या पैशांत अलॉय बघतो."

मी म्हटलं, आधी बॉनेट दाबून सोड. साधी गाडी एकदा वर येते आणि थांबते. ही झोपाळ्यासारखी तीन-चारदा हलली. म्हणजे शॉकअप गेलेले. खाली वाकून बघितलं तर एका शॉकअपमधून तेल गळत होतं, लोअर आर्मचे बुश फाटलेले, लिंक रॉड खडखडत होते. अशा गाडीची स्प्रिंग कापायची?

मित्रांनो, हौसेला माझा विरोध नाही. आम्हीही आमच्या काळात मोटरसायकलचे सायलेन्सर बदलले आहेत. पण स्प्रिंग कापणं म्हणजे काय ते एकदा समजून घ्या. राउंड कमी झाले की स्प्रिंग कडक होते. कडक स्प्रिंग आणि मेलेला शॉकअप एकत्र आले की चाक उड्या मारतं, रस्ता सोडतं. रस्ता सोडलेल्या चाकाला ब्रेकही नाही आणि स्टेअरिंगही नाही. शिवाय खड्ड्यात चाक खाली लोंबलं की तोकडी स्प्रिंग सैल पडते आणि जागेवरून सरकू शकते. गॅसने तापवून बसवली तर स्प्रिंगचा ताणच जातो. चाकांचा कोन बिघडून टायर आतून खाल्ले जातात ते वेगळंच.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा मनमानी बदल चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ठीक आहे, असावाच.

पण माझा प्रश्न पुढे आहे. खाली केलेली गाडी लांबून दिसते, म्हणून ती पकडता येते. फाटलेला बुश कोण बघतं? खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. तोवर पीयूसी वेळच्या वेळी लागतं, इन्शुरन्स लागतो, पण गाडीखाली वाकून बघायला कुणी सांगत नाही. भाच्याची गाडी कागदोपत्री एकदम ओके होती!

आणि हे शॉकअप मारले कुणी? आमच्या घराजवळचा स्पीडब्रेकर मी टेपने मोजला. उंची 16 सेंटिमीटर, रुंदी जेमतेम दोन फूट. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे पसरट. आता हिशोब करा. या पसरट ब्रेकरवरून स्विफ्ट जाताना पोटाखालची फक्त चार-साडेचार सेंटिमीटर जागा जाते, कारण पुढची-मागची दोन्ही चाकं उंचवट्यावरच असतात. आमच्या ब्रेकरवर मात्र पुढची चाकं उतरली की सगळे 16 सेंटिमीटर पोटाखाली येतात. त्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स रिकामी असताना साधारण 17. चार माणसं बसली की कंपनीच्या उंचीची गाडीसुद्धा घासते. मग चेंबर फुटलं की दोष ड्रायव्हरचा. मापात नसलेला ब्रेकर करणाऱ्याला दंड किती, कुणी सांगेल का?

भाचा दोन दिवस तोंड फुगवून होता. शेवटी चारही शॉकअप, वरचे माउंट, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड आणि अलाइनमेंट असं सगळं करून बिल झालं 14 हजार. मजुरीत थोडी घासाघीस केली, शॉकअपमध्ये मात्र नाही. ज्यांच्याकडे एवढेही नसतील त्यांनी टप्प्याने करा. आधी बॉल जॉइंट आणि गळणारा शॉकअप, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. शॉकअप बदलताना जोडीनेच बदला. मग बुश. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, नाहीतर तेच पैसे दोनदा जातात. अलॉय कुठे पळून जात नाहीत.

परवा त्याच गाडीतून आमची आई पंढरपूरला जाऊन आली. उतरल्यावर म्हणाली, "या वेळी कंबर नाही रे धरली." भाचा माझ्याकडे बघून हसला, पण "मामा, स्प्रिंग..." हे अजून सोडलेलं नाही त्याने.

तरुण पोरांना दोन शब्द ऐकवायचे ते मी ऐकवले. आता नगरपालिकेला ऐकवू. आपल्या गल्लीतला ब्रेकर टेप लावून मोजा, उंची-रुंदी लिहून फोटोसकट लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. माझा अर्ज सोमवारी जातोय.